मशकभर वारा

आमच्या चाळीतली अर्धी माणसं म्हणत की त्याने एका माणसाला वाचवलं. उरलेली म्हणत की त्याने एका माणसाला मारलं. मी त्या सकाळी तिथेच उभी होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी कुणी विचारलं तर पटकन उत्तर देता येत नाही.

तो पखाली होता. भिवंडीत तेव्हा नळ आले होते, पण आमच्या बाजूला नळाला पाणी यायचं ते अर्धा तास, तेही करंगळीएवढं. बाकीचं पाणी तोच आणायचा, तलावाजवळच्या विहिरीवरून, बकऱ्याच्या कातड्याच्या मशकीतून. उत्तरेकडून यंत्रमागावर कामाला आलेले लूमवाले त्याला भिश्ती म्हणायचे. त्याला ते आवडायचं नाही. "मी पखाली हाय," म्हणायचा, आणि तेवढ्यावरून दोन दिवस त्यांच्याकडे पाणी टाकायचा नाही.

माझं त्याच्याशी पहिलं बोलणं भांडणानेच झालं. मी लग्न होऊन भिवंडीत आले त्याला आठवडाही झाला नव्हता. माहेर पडघ्याजवळचं, तिथे परसात विहीर, हवं तेव्हा पोहरा सोडावा. इथे सकाळी दार उघडलं तर समोर एक उंच, एका अंगाला कललेला माणूस. कमरेवर अख्खं बकरं घेतल्यासारखं काहीतरी, ओलं, काळपट. पायांची टोकं दोरीने बांधलेली, मान तेवढी उघडी, आणि ती त्याने डाव्या मुठीत आवळून धरलेली. मला शिसारी आली. तरी धीर करून विचारलं, "पाणी ताजं आहे ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, वळला, आणि शेजारच्या इद्रिसच्या दारातला माठ भरून निघून गेला. आमचा हंडा कोरडाच राहिला.

थोड्या वेळाने तो रिकामी मशक खांद्यावर टाकून परत आला. म्हणाला, "मगाशी भरलेली व्हती. भरल्या मशकीनं मी बोलत न्हाय. आता ऐक. ताजं का शिळं ते विहिरीला इचारायचं. मी निसता आनतो."

"मग पाणी का नाही दिलंत?"

"तू आदी इचार कर, पायजे का नको. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने हंडा पुढे केला. त्या पाण्याला कातड्याचा वास यायचा, कातडं कमावताना वापरलेल्या बाभळीच्या सालीचा तुरटपणा यायचा, पण माठात ओतायच्या आधीच ते गार असायचं. चैत्र सरेपर्यंत मला नळाचं पाणी बेचव वाटायला लागलं होतं.

भरल्या मशकीने न बोलण्याचा त्याचा नियम सगळ्या मोहल्ल्याला माहीत होता. वाटेत कुणी राम राम घातला, कुणी शिवी घातली, तो थांबायचा नाही. रिकाम्या मशकीने परत येताना मात्र दोघांनाही उत्तर मिळायचं.

तलावाच्या बाजूला एका खोलीत तो एकटा राहायचा. बायको होती की नव्हती, कुणाला ठाऊक नाही. पहाट झाली की उंबऱ्यावर बसून मशक फुगवायचा. मानेला तोंड लावून गाल फुगेपर्यंत फुंकायचा, आणि ते कातडं हळूहळू बकऱ्याच्या आकाराला यायचं. मग तिला कान लावून बसायचा, वैद्य छातीला कान लावतो तसा. कुठे सुईएवढं भोक असलं तरी त्याला ऐकू यायचं. तिथे चरबी लावायची, टाका घालायचा, पुन्हा फुंकायची, पुन्हा कान. रस्त्याने जाणारी शाळेची पोरं हसायची. त्याला सोयरसुतक नसायचं.

नवीन कातडं लागलं की तो खाटकाकडे जाई आणि जिवंत बकऱ्यासमोर इतका वेळ उकिडवा बसे की खाटीक वैतागून म्हणे, बाबा, लग्न जमवायचं आहे का. पोट न फाडता सोललेलं अख्खं कातडं लागायचं, म्हणून खाटकाला जास्तीची मेहनत. मटण मात्र त्याने कधी खाल्लं नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, "रोज अंगाखांद्यावर घेतो त्याला खायचा कसा?"

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वयस्कर काकू कातड्याचं पाणी देवाला चालवत नसत. त्यांना वाटे हा रागावेल. तो म्हणाला, "देवाला नळाचं घाला. त्याला काय तहान लागत न्हाय."

आणि एक होतं. ज्या घरातून बाईला मारल्याचा आवाज आला, त्या घरात तो पाणी टाकायचा नाही. नवऱ्याने स्वतः हंडा घेऊन विहिरीवर जावं. मग लोक विचारत, आज कसे काय पाणी भरायला, आणि त्या माणसाला तोंड लपवायला जागा उरत नसे. पण यात मार खाणाऱ्या बाईचीच तहान वाढायची, हे मी त्याला एकदा सांगितलं. त्याने विचार केला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाईचं पाणी माझ्याकडे ठेवून जाऊ लागला.

असा माणूस. चांगला म्हणावा तर भांडकुदळ, वाईट म्हणावा तर तसं काही सापडायचं नाही.

घाटावर बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे दुष्काळ नव्हता, पण तलाव खाली गेला होता, आणि गावात लूम वाढत होते, माणसं वाढत होती. नळ तीन-तीन दिवस कोरडा. पखाली एकटा किती फेऱ्या मारणार? विहिरीवर रांगा लागायच्या, बायकांची जुंपायची. चाळीत दोन घरांत हंड्यावरून डोकी फुटली.

चाळीच्या मागे एक जुनी विहीर होती. कित्येक वर्षं फळ्या टाकून, वर माती लोटून बंद केलेली. घरमालकाने ठरवलं, ती उघडायची, गाळ काढायचा. सगळ्यांना बरं वाटलं. पखाली तेवढा म्हणाला, "ती उघडू नका."

"का?" मालकाने विचारलं.

"मला आवडत न्हाय ती."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, विहीर झाली तर याचं पोट बुडेल, म्हणून आवडत नाही. त्याने ते ऐकलं. तेव्हा मशक भरलेली होती की रिकामी, मला आठवत नाही, पण तो वळला आणि निघून गेला. एवढं खरं की चाळीच्या मागून जायची जवळची वाट सोडून तो नेहमी पुढून वळसा घ्यायचा.

गाळ काढायला जवळच्या दिघाशी गावचे दोघे भाऊ आले. थोरला बाळाराम, धाकटा काशिनाथ. दोघेही उन्हाळ्यात शेत मोकळं असलं की अशी कामं करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्या काढल्या. आतून कुजका वास आला, तो संध्याकाळपर्यंत चाळभर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी, पुरुषमाणसं ड्युटीवर निघायच्या बेतात असताना, बाळाराम दोर धरून खाली उतरला. काशिनाथ वर घमेलं ओढायला.

मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काशिनाथने दोनदा हाक मारली. "दादा, घमेला सोडू का?" मग त्याचा आवाज बदलला. मी वाकून पाहिलं. तो विहिरीवर ओणवा होऊन ओरडत होता, आणि खालून काहीच येत नव्हतं.

मी खाली धावले. तोपर्यंत इद्रिस पोचला होता. रात्रपाळी करून आलेला, अंगात बनियन, केसांत कापसाचे तंतू. "गिर गया होगा, चक्कर आया होगा," म्हणाला. "मैं जाता हूँ, रस्सी दो." कुणी काही म्हणायच्या आत तो दोराला लोंबकळून उतरायला लागला. अर्ध्याच्या खाली गेल्यावर त्याने वर पाहिलं. मला त्याचा चेहरा दिसला. त्यावर भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मग त्याचे हात सुटले.

खाली चिखलात काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला. इद्रिसची बायको माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड धरला तो इतका घट्ट की नंतर चार दिवस तिथे काळंनिळं होतं.

काशिनाथने कमरेला पंचा आवळला आणि दोराला हात घातला. त्याच क्षणी चाळीच्या कोपऱ्यावरून पखाली आला. मशक भरलेली. मी त्याला भरल्या मशकीने बोलताना त्या एकाच दिवशी पाहिलं.

"धरा त्याला," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. काशिनाथचा एक पाय कठड्याच्या आत गेला होता. पखाल्याने मशकीच्या मानेला दोरीची गाठ मारली, पुढे होऊन त्याच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला मागे ओढून जमिनीवर पालथं पाडलं. काशिनाथ तरणाबांड, हा पन्नाशीचा. पोरगा सुटायला बघत होता, चावत होता. तेव्हा त्याने खांद्यावरचा पट्टा काढून ती भरलेली मशक त्याच्या पाठीवर टाकली आणि वर स्वतः बसला. पाण्याच्या ओझ्याखाली काशिनाथ जमिनीला चिकटला.

"सोड मला," तो म्हणत होता. "माजा भाव हाय खाली."

"ठावं हाय."

"मरल तो."

"तू बी मरशील."

"तुला काय ठावं?"

"मला कायच ठावं न्हाय," पखाली म्हणाला. "बंद विहिरीत माणूस पडतो येवढाच ठावं हाय."

आजूबाजूचे लोक आता त्याच्यावर तुटून पडले. मालक ओरडला, अरे त्याला उतरू दे, वेळ जातोय. दुसरा कुणी म्हणाला, विहीर नकोच होती याला, आता बघा. कुणीतरी मागून त्याच्या डोक्यात मारलं. तो उठला नाही. मान वर करून तो माझ्याकडे बघून म्हणाला, "घरातलं सगळं पानी आनून विहिरीत वता. वरून, जोरात. आतला कोंडलेला वारा हलंल."

त्या दिवसांत घरातलं पाणी ओतून टाकणं म्हणजे काय, ते आज सांगून पटणार नाही. वरच्या काकू म्हणाल्या, वेडा आहे का तो? पण इद्रिसची बायको धावली. तिच्या मागे मी. मग एकेक करत सगळ्या. हंडे, कळशा, पिण्याचे माठ, पोरांना आंघोळीला काढलेल्या बादल्या. जिने जे आणलं ते कठड्यावरून खाली जोरात ओतलं. पाणी भिंतीवर फुटत खाली जात होतं.

मालकाचा एक नोकर आणि माझा नवरा यांनी काशिनाथचे हातपाय धरले, तेव्हा कुठे पखाली उठला. मशकीचं तोंड मोकळं करून त्याने तीही विहिरीत रिकामी केली. मग त्याने लोहाराला हाक मारली. लोहाराचं दुकान समोरच्या गल्लीत होतं. भाता आणला. पखाल्याने मशकीची मान भात्याच्या नळीवर धरली आणि लोहाराने भाता मारायला सुरुवात केली. कातडं हळूहळू वर आलं, बकऱ्यासारखं फुगलं. त्याने सवयीने तिला कान लावला. त्या गोंगाटातही लावला.

काखेत दोर बांधून, मशक छातीशी धरून, तिची मान दातांत आणि मुठीत धरून तो खाली उतरला. चौघांनी दोर धरला होता. मी कठड्यावरून बघत होते. खाली अंधारात त्याची पाठ दिसायची, आणि दर थोड्या वेळाने मशक किंचित आकसताना दिसायची. दुसरा एक दोर त्याने बरोबर नेला होता. तो हलला, तेव्हा लोकांनी ओढायला सुरुवात केली.

इद्रिस वर आला. ओठ निळे, नाकातोंडात चिखल. त्याला पालथा घालून पाठ चोळली. बराच वेळ काही नाही, मग त्याला उलटी झाली आणि तो कण्हला. त्याच्या बायकोने मटकन खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

तोवर पखाल्यालाही वर ओढलं होतं. मशक चपटी झाली होती. त्याला उभं राहता येत नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला. लोहाराने मशक पुन्हा भरली आणि त्याच्यासमोर धरली. काशिनाथ ओरडत नव्हता आता, नुसता त्याच्याकडे बघत होता. पखाली बसून राहिला. आम्हाला वाटलं, श्वास घेतोय. मग तो उठला आणि पुन्हा खाली गेला.

बाळाराम वर आला तेव्हा त्याला पालथं घातलं, चोळलं, सगळं केलं. डॉक्टरही तोपर्यंत आले होते. त्यांनी डोळे बघितले आणि हात मागे घेतला.

काशिनाथने भावाच्या तोंडावरचा चिखल आपल्या पंच्याने पुसला. मग पखाल्याकडे वळून म्हणाला, "तू मारलास याला."

पखाल्याने मशक उचलली, तिच्या मानेवरचा चिखल धुवायला पाणी शोधलं. चाळीत कुणाच्या घरात थेंब नव्हता. तशीच घेऊन तो गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला. मालकाने विहीर पुन्हा बंद केली. दुपारी पखाली पाणी घेऊन आला आणि प्रत्येक घरात नेहमीसारखं टाकून गेला. वरच्या काकूंनी दार उघडलं नाही. त्यांच्यासारखी आणखी काही घरं होती. त्यांचं म्हणणं, त्याने धाकट्याला अडवलं नसतं तर थोरलाही वाचला असता. त्याने आधी परक्याला काढलं, असंही काही म्हणाले. इद्रिसची बायको मात्र त्या दिवसापासून त्याला भाकरी दिल्याशिवाय सोडायची नाही. तो घ्यायचा, पण तिथे बसून खायचा नाही.

मी त्याला एकदा म्हटलं, "लोक काय बोलतात ते ऐकू येतं ना तुम्हाला? सांगत का नाही, काय झालं ते?"

"सगळे व्हते तिथं," तो म्हणाला. "मी काय नवीन सांगू?"

काशिनाथने शेती सोडली आणि काल्हेरच्या एका गोदामात हमालीला लागला. भिवंडीत यायचा अधूनमधून. पखाली समोरून आला की तो रस्त्यावर थुंकायचा आणि पलीकडे व्हायचा. पखाली त्याच्याकडे बघत चालायचा. माणसाने नजर तरी चुकवावी, असं मला वाटायचं. पण तो चुकवायचा नाही.

अशी दोनेक वर्षं गेली. नळाचं पाणी वाढलं, पखाल्याची घरं कमी झाली. तोही खचत चालला होता. त्या दिवसानंतर त्याला जिना चढताना दम लागायचा, तो वाढत गेला.

एका दिवाळीच्या आधी मी गोधड्या धुवायला तलावाजवळच्या विहिरीवर गेले होते. टळटळीत दुपार, दुसरं कुणी नाही. पखाली पोहऱ्याने पाणी ओढून मशकीत ओतत होता. तेवढ्यात काशिनाथ आला. मी धोपटणं थांबवलं. त्याच्या खांद्यावर हमालाचा लोखंडी आकडा लटकत होता, आणि मला खरोखर भीती वाटली.

तो दोन हात अंतरावर उभा राहिला. "एक इचारायचा हाय."

"इचार," पखाली म्हणाला.

"मला धरलास, तवा दादा जिता होता का?"

पखाल्याने पोहरा वर घेतला, ओतला, आणि मग त्याच्याकडे वळला. "आसंल."

"आसंल म्हंजे?"

"म्हंजे आवाज येत न्हवता. पन इतक्या बिगीनं जीव जात न्हाय. जिता आसंल."

मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल. कुणीही नाहीच म्हटलं असतं. तेवढ्याने सगळं मिटलं असतं.

काशिनाथ एक पाऊल पुढे आला. "मग मला का न्हाय सोडलास?"

"तो खाली व्हता. तू हाताशी व्हतास."

"आनि त्या लूमवाल्याला आदी काडलास."

"तो तुज्या भावाच्या अंगावर पडला व्हता. त्याला काडल्याबिगर दोर लागत न्हवता." पखाली कठड्यावर बसला. "आनि आजून एक हाय, ते तुला कुनी सांगितला नसंल. पयल्या खेपेला वर आलो, मशक भरली, आनि माजे पाय उठंनात. भ्यालो मी. लोकांना वाटला दम खातो. मी दम न्हवतो खात. बसून राह्यलो. किती वेळ, मला सांगता यायचा न्हाय. तेवढ्यात तुजा भाव गेला का आदीच गेला, ते बी मला ठावं न्हाय. तुला थुंकायचं तर माज्या त्या बसन्यावर थुंक. तुला धरला त्याच्यावर नको."

काशिनाथ थुंकला नाही. पाण्यावर वारा येत होता, आणि पलीकडे लूमची खटखट चालू होती. त्याने आकडा खांद्यावरून काढून कठड्यावर ठेवला.

पखाल्याने पुन्हा पोहरा सोडला. मशक भरली, मान आवळली, पट्ट्यात डोकं घातलं आणि उठायला गेला. गुडघा वाकला आणि तो पुन्हा खाली बसला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा काशिनाथने वाकून खालून दोन्ही हात घातले आणि मशक तोलून धरली, पट्टा खांद्यावर नीट बसेपर्यंत. पखाली उभा राहिला. क्षणभर थांबला, मग एका अंगाला कलून चालायला लागला.

तो वळणाआड गेल्यावर काशिनाथ माझ्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, याची आजून किती घरं हायत?"

"आमच्या बाजूची आहेत थोडी," मी म्हटलं. "चार-पाच फेऱ्या होतील."

तो कठड्यावर बसला. "मग थांबतो," म्हणाला. "परत भरायला यील, तवा उचलायला कोन हाय?"